ही रुई नव्हे, निलगिरी म्हणे!

मोगरी

श्रावणातल्या दुसऱ्या शनिवारची गोष्ट. सासूबाई सध्या आमच्याकडे पर्थला आल्या आहेत. इथे ऑगस्ट म्हणजे थंडी आणि पाऊस एकदमच, गुडघे बोलायला लागतात. त्यांना मारुतीला रुईच्या पानांचा हार घालायचा होता. मी म्हटलं, इथे कुठली रुई मिळायला! तर सकाळी फिरून येताना म्हणाल्या, "नाही कशी? कोपऱ्यावरच्या आजींच्या कुंपणाला एवढं थोरलं झुडूप आहे."

जाऊन बघते तर खरंच. करडी, पावडर फासल्यासारखी जाडजूड पानं. समोरासमोर, देठ नाही, थेट फांदीला बिलगलेली. आजींना विचारून अकरा पानं आणली. ओवायला बसलो तर चीक निघेना, आणि सुई टोचली तसा घरभर सर्दीच्या बामाचा वास. सासूबाईंनी सुई खाली ठेवली.

परत गेले विचारायला. आजी म्हणाल्या, ही युकॅलिप्टसच, इथल्या गव्हाच्या पट्ट्यातली, नाव 'मॉटलका'.

माझ्या डोक्यातली निलगिरी म्हणजे आमच्या शाळेमागे रांगेत उभी असायची ती. सरळसोट, साल सोललेली, कोयत्यासारखी लांब पानं, आणि शेंडा बघायला गेलं की टोपी पडायची. हे झुडूप माझ्या खांद्याएवढंही नाही. जमिनीतून सात-आठ फांद्या निघून वाकड्यातिकड्या पसरल्यात. वर एकच फूल, लालभडक, माझ्या तळहाताएवढं, आणि त्याला पाकळ्याच नाहीत, नुसते केसर. मागच्या फांदीवर एक वाळकं लाकडी बोंड, पणतीएवढं.

जाणकारांनो, ही निलगिरी कशावरून? आणि झाड व्हायचं सोडून झुडूप का झाली? बाबांना (सातारा) फोटो पाठवला तर ते लगेच "बी घेऊन ये" म्हणाले, तर तेही सांगा.

खवचट_खान

मारुतीने द्रोणागिरी उचलला, आता निलगिरीही उचलावा म्हणतेय सून. हलके घ्या.

रानपाखरू

वर्णन झकास! पण मोगरीताई, मारुतीला शेवटी काय वाहिलंत ते नाही सांगितलं.

गावरान_गडी

रुईच असेल. रुईच्या जाती असतात. पांढरी रुई, जांभळी रुई. परदेशातल्या रुईला चीक कमी येत असेल थंडीमुळे.

पानगळ

गावरान, रुई असती तर थंडीतही चिकाने बोटं चिकटली असती. :) पण सासूबाईंची चूक समजण्यासारखी आहे. दोन्हीकडे समोरासमोर बिनदेठाची पानं, पानाचा तळ खोडाला वेढणारा, वर पांढरट थर. दोन्ही कोरड्या, उन्हाच्या जागी वाढणाऱ्या, म्हणून वेष सारखा. नातं काहीच नाही.

आता निलगिरी कशावरून ते. ताई, पान, उंची, खोड हे सगळं जरा बाजूला ठेवा आणि कळी बघा. निलगिरीच्या सातशेहून जास्त जाती आहेत. पानांच्या नाना तऱ्हा, पण कळीला टोपण असणार. संदलं (पाकळ्यांबाहेरची दलं) आणि पाकळ्या सुट्या उमलत नाहीत. त्या एकमेकींत जुळून त्यांचं टोपण झालेलं असतं. फूल उमलायच्या वेळी ते टोपण अख्खंच्या अख्खं गळून पडतं आणि आत गुंडाळून ठेवलेले शेकडो पुंकेसर बाहेर येतात. तुम्हाला दिसला तो लाल झुबका म्हणजे हे पुंकेसर. टोकाला पिवळे ठिपके असतील बघा, ते परागकोश. युकॅलिप्टस हे नावच त्यावरून आहे. ग्रीकमध्ये 'यू' म्हणजे चांगलं, 'कॅलिप्टोस' म्हणजे झाकलेलं. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरितिए याने अठराव्या शतकाच्या अखेरीस हे नाव दिलं, तेही टास्मानियातल्या एका उंच झाडाच्या नमुन्यावरून.

तुमच्या झुडपाचं शास्त्रीय नाव युकॅलिप्टस मॅक्रोकार्पा. मॅक्रो म्हणजे मोठं, कार्पा म्हणजे फळ. पणतीएवढं बोंड म्हणालात ना, त्यावरूनच. 1842 मध्ये इंग्लंडच्या विल्यम जॅक्सन हूकरने वर्णन केलं. नमुने पाठवले होते जेम्स ड्रमंडने. हा 1829 मध्ये पहिल्या वसाहतवाल्यांच्या जहाजातून तिकडे उतरलेला माळी-संग्राहक.

टोपण बघायचं असेल तर पर्थला राहायची गरज नाही. स्वयंपाकघरातली लवंग घ्या. वरचा गोल मणी म्हणजे न उमललेल्या पाकळ्या, खालचे चार काटे म्हणजे संदलं. लवंग, जांभूळ, पेरू, निलगिरी, बॉटलब्रश ही सगळी एकाच कुळातली मंडळी. जांभळाच्या फुलातही पाकळ्या जुळून टोपीसारख्या गळतात, म्हणून मोहोरात झाडाखाली पांढरट चुरा पडतो.

काळी_मिरी

लवंग कोमट पाण्यात भिजवून सुईने सोडवून बघितली आत्ता. मणी चक्क टोपीसारखा निघाला, आत बारीक केसर! पंचेचाळीस वर्षं मसाल्यात घालतेय, कधी उघडून बघितली नव्हती. पानगळसर, धन्यवाद. (लवंग चहात टाकली.)

किवीकर

एक मिनिट. आमच्या न्यूझीलंडमध्ये मॅक्रोकार्पा म्हणजे सुरूसारखं मोठं झाड. शेताच्या बांधावर वाऱ्याला आडोसा म्हणून लावतात, लाकूड फर्निचरला जातं. आमच्या अंगणातलं बाकडंच मॅक्रोकार्पाचं आहे. हे झुडूप कुठून आलं?

पानगळ

किवीकर, तुमचं ते कॅलिफोर्नियातलं मॉन्टेरी सायप्रस. त्याच्याही जातीच्या नावात मॅक्रोकार्पा होतं, तेवढंच लोकांनी धरून ठेवलं. जातीचं नाव म्हणजे आपल्याकडचं पाळण्यातलं नाव. एकाच चाळीत चार संजय असू शकतात, आडनाव विचारावं लागतं.

खवचट_खान

आमच्या चाळीत पाच होते. एकाला संज्या मॅक्रोकार्पा म्हणायचो आता.

गावरान_गडी

बरं, रुई नाही मान्य. पण निलगिरी असेल तर आणखी वाईट. आमच्याकडे सामाजिक वनीकरणात बांधाला निलगिरी लावली आणि शेजारच्या विहिरीला उन्हाळ्यात तळ दिसायला लागला. पिशाच्च आहे ते झाड. बी आणूच नका. सुबाभूळ काय, निलगिरी काय, गाजरगवत काय, बाहेरून आलेलं सगळं आपल्याच मुळावर येतं.

निलगिरीकर

गावरानभाऊ, मी चहाच्या मळ्यात कुन्नूरला 26 वर्षं काढली, निलगिरीच्या बाजूने आणि विरोधात दोन्ही ऐकून झालंय. दाट लावून दर काही वर्षांनी तोडायची, परत फुटवे वाढवायचे, अशी शेती केली तर झपाट्याने वाढणारं कुठलंही झाड पाणी ओढणारच, आणि निलगिरीची मुळं जातातही खोल. हा दोष खरा आहे. पण मोगरीताईंचं झुडूप त्या पंगतीतलं नव्हे. ते लाकडासाठी कोणी लावत नाही. त्याला लाकूडच कुठे आहे?

मला वेगळंच सांगायचं होतं. ऊटीला जी लावलीय ती ग्लोब्युलस, निळी निलगिरी, 1843 पासून. तिचं रोप तुम्ही बघाल तर ओळखणार नाही. चौकोनी खोड, समोरासमोर बिनदेठाची रुंद पानं, निळसर पांढरी, बोटाने पुसली तर पावडर निघते. थेट मोगरीताईंच्या वर्णनासारखी. झाड मोठं झालं की पानं बदलतात. लांब, हिरवी, देठाची, एकाआड एक, खाली लोंबणारी. तोडलेल्या बुंध्याला फुटवे आले की परत तीच बाळपानं. आमच्या मजुरांची पोरं त्या निळ्या फांद्या गणपतीच्या मखराला लावायची.

आणि झाडाखाली टोपणांचा सडा. ग्लोब्युलसचं टोपण खडबडीत, कोटाच्या बटणासारखं. माझ्या मुलीने बरणीभर जमवली होती.

पानगळ

निलगिरीकर, तुम्ही नेमकं मुद्द्यावर आणलंत. मॅक्रोकार्पाची खरी गंमत हीच. तिची पानं कधी मोठी होतच नाहीत. ग्लोब्युलसला लहानपणी जी पानं असतात, त्याच धर्तीची पानं ही आयुष्यभर ठेवते, त्याच वेषात फुलते, फळते. मिसरूडही न फुटलेल्या पोराला नातवंडं व्हावीत, तसं. मोठ्या निलगिरीची पानं उभी लोंबतात, त्यामुळे दुपारचं ऊन कडेने निघून जातं. हिला ती सोय नाही. म्हणून हा पांढरा मेणाचा थर. ऊन परतवतो, पाणी उडू देत नाही. द्राक्षावर असतो तसाच, फक्त जाड.

बुकेमध्ये हल्ली ती करडी गोल पानं घालतात ना लग्नात? तीही निलगिरीच, दुसऱ्या जातींची. त्यातल्या काही अशाच बाळपानं न सोडणाऱ्या.

अक्षता_क

म्हणजे माझ्या रिसेप्शनच्या बुकेतली 'सिल्व्हर डॉलर' म्हणून जिचे पैसे लावले ती निलगिरी??? नवऱ्याला दिवसभर शिंका येत होत्या त्या याने!

खवचट_खान

शिंका बुकेमुळे नव्हत्या हो. त्याला अपशकुन कळला होता. (पळा!)

अक्षता_क

ख_खा, घरचा पत्ता द्या जरा.

सुतारपक्षी

मेलबर्नला दहा वर्षं आहे. झुडूप का झाली, याचं उत्तर अजून कोणी दिलं नाही, म्हणून लिहितो.

इथे अशा निलगिऱ्यांना 'मॅली' म्हणतात, हा शब्द मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलाय. व्हिक्टोरियाच्या वायव्येला एका अख्ख्या भागाचंच नाव 'द मॅली' आहे. मॅली म्हणजे एक जात नव्हे, वाढायची रीत. एक खोड वर न जाता जमिनीतल्या गड्ड्यातून अनेक फांद्या निघतात. हा गड्डा लाकडी असतो, सुरणासारखा वेडावाकडा, आत पिठूळ साठा आणि झोपलेले डोळे. वणवा लागला की वरचं सगळं जळून जातं, पण मातीखालचा गड्डा शाबूत. पावसात परत फुटवे. परत जळालं, परत फुटवे. गड्डा वाढतच जातो. रोप वीतभर असतानाच पहिल्या पानांच्या बेचक्यात त्याच्या गाठी धरायला लागतात.

शेतकऱ्यांनी मॅली काढून गहू पेरला तेव्हा हे गड्डे नांगराला दगडासारखे लागायचे. जमिनीतून उपटून काढलेले हे गड्डे 'मॅली रूट' म्हणून जळणासाठी विकायचे. माझ्या जुन्या घरमालकांकडे शेगडी होती, ते सांगायचे की एक गड्डा संध्याकाळी घातला की सकाळी निखारा असतोच. मी एकदा त्याची वाटी कोरायला घेतली. तीन पटाशा बोथट झाल्या, वाटी अजून अर्धी आहे.

म्हणजे मोगरीताई, तुम्हाला दिसतंय ते अर्धंच झाड. बाकीचं खाली आहे.

रानपाखरू

आपल्याकडे तेंदू, पळस तोडले-जाळले तरी बुडातून फुटतात, तसंच ना?

सुतारपक्षी

फुटणं तसंच. पण पळसाला जमलं तर तो झाड होतो. मॅलीची घडणच तशी. मॅक्रोकार्पा फार फार तर चार-पाच मीटर, बहुतेक वेळा त्याहून बरीच कमी, आणि उंच होण्यापेक्षा आडवी लोळण्याकडे ओढा जास्त. साल गुळगुळीत, करडी.

गड्ड्याच्या जोरावर काही मॅली किती जगतात ते ऐका. पर्थच्या दक्षिणेला मीलप म्हणून जागा आहे, तिथे एका जातीची जी काही खोडं आहेत ती सगळी मिळून एकच झाड आहे असं जनुकीय तपासणीत निघालं. वयाचा अंदाज सहा हजार वर्षांच्या वर. दिसायला झुडपांचा पुंजका.

गावरान_गडी

सहा हजार वर्षं? आणि माझी डाळिंबाची बाग सहा वर्षांत गेली.

बालमोहन

कोआला खातो का ही पानं? मुलगी विचारतेय, वय 7.

मोगरी

बालमोहन, मुलीला सांगा, पश्चिम ऑस्ट्रेलियात रानटी कोआला नाहीतच. ते पूर्वेकडे. इथे पर्थच्या उत्तरेला यांचेप नावाच्या उद्यानात आणून ठेवलेत, ते बघायला आम्ही गेलो होतो. सगळे झोपलेले. सासूबाई म्हणाल्या, "यांना बघायला एवढं पेट्रोल?"

सगळ्यांचे आभार. आजींच्या झुडपावर आता दोन कळ्या आहेत, टोपणाला वर चोच आल्यासारखी. रोज बघतेय. एक शंका. पानगळसर, आजींची मुलगी म्हणते ही मॅक्रोकार्पा नसून 'रोझ मॅली' आहे. फोटो बघितले तर दोन्ही सारखेच दिसतात.

पानगळ

चांगली शंका. रोझ मॅली म्हणजे युकॅलिप्टस ऱ्होडँथा. 1938 मध्ये वेगळी जात म्हणून वर्णन झालं, रानात दुर्मीळ, बागांत भरपूर. दोघी सख्ख्या बहिणी. पानंही तशीच, ऱ्होडँथाची जरा जास्त गोल, हृदयासारखी. एक सोपी खूण सांगतो. फूल फांदीला कसं लागलंय ते बघा. मॅक्रोकार्पाचं फूल, मग फळही, पानाच्या बगलेत थेट फांदीला चिकटून बसलेलं असतं, देठ जवळजवळ नसतोच. ऱ्होडँथाला देठ असतो, म्हणून तिचं फूल खाली मान घालतं. दोन्हींत बगलेगणिक फूल एकच. बहुतेक निलगिऱ्यांना तीन, सात असे घोस असतात, तुम्हाला एकेकटं फूल दिसलं ते त्यामुळे.

पंचाईत अशी की या मंडळींचे आपापसांत संकर होतात. पिरिफॉर्मिस नावाची तिसरी बहीण आहे, तिची फळं लांब देठांवर तीन-तीन लोंबतात. बागेतल्या झाडाची आई कोण आणि बाप कोण, हे रोपवाटिकेलाही माहीत नसतं.

खवचट_खान

तीन बहिणी, संकर, आईबाप अज्ञात. याची मालिका काढा, रात्री साडेआठला.

निलगिरीकर

फुलाचा आकार ऐकून राहवलं नाही. ग्लोब्युलसचं फूल रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं, तेच आम्हाला मोठं वाटायचं. मॅक्रोकार्पाचं 10 सेंटीमीटरपर्यंत?

पानगळ

हो, निलगिऱ्यांत सर्वांत मोठं तेच. उलटं बघा, टास्मानिया-व्हिक्टोरियाची रेग्नन्स निलगिरी. सपुष्प झाडांत जगातल्या सर्वांत उंच जातींतली, टास्मानियातलं एक झाड 100 मीटरच्या आसपास आहे. तिची फुलं करंगळीच्या नखाएवढी, पांढरट. आणि खांद्याएवढ्या झुडपाला तळहाताएवढं फूल.

कारण गिऱ्हाईक वेगळं. बारीक पांढऱ्या फुलांवर मुख्यतः किडे-माश्या येतात. मोठं, लाल, मधाने ओथंबलेलं फूल पक्ष्यांसाठी. तिकडे हनीईटर म्हणून पक्षी आहेत, आपल्या शिंजिरासारखे मधावर येणारे, पण अंगाने बरेच मोठे. फांदीवर बसून चोच घातली की कपाळाला पराग. आपल्या पांगाऱ्यावर साळुंक्या, कावळे कसे तुटून पडतात, तोच बाजार. फुलाखालची ती जाड वाटी म्हणजे मधाचं भांडं, आणि पुढे तीच लाकडी होऊन बोंड बनते.

मोगरी

बरोबर! फुलातून गोड पाणी ठिबकतं, आजींच्या कुंपणाच्या फळीवर डाग पडलेत. आणि सकाळी एक करड्या डोक्याचा पक्षी भांडत असतो.

रानपाखरू

त्या भागात हनी पॉसम नावाचा इवलासा प्राणी आहे ना? उंदराहून लहान, 10 ग्रॅमच्या आसपास वजन, फक्त मध आणि पराग खाऊन जगतो. जगात नैर्ऋत्य ऑस्ट्रेलिया सोडून कुठेच नाही. वर्षभर कुठे ना कुठे फूल असेल तरच तो जगणार. म्हणजे तिथे काय प्रतीची फुलं असतील विचार करा.

सुतारपक्षी

आणि तीही कसल्या मातीत! रेताड, स्फुरद जवळपास नाहीच, असली नापीक जमीन.

गावरान_गडी

नापीक जमिनीत येतं म्हणता? मग माझ्या माळावर का नको? पाऊस किती लागतो?

खवचट_खान

गावरान, चार प्रतिसादांपूर्वी पिशाच्च होतं ना?

गावरान_गडी

झाड पिशाच्च म्हटलं होतं. हे झुडूप आहे.

संत्रेवाला

सगळा धागा वाचला, आता बी आणायच्या प्रश्नावर मला बोलू द्या. वरूडकडची संत्र्याची बाग, त्यामुळे मुळं कुजण्याच्या विषयात आमचा हात कोणी धरत नाही.

आकडा बघून फसू नका. त्या गव्हाच्या पट्ट्यात 300 ते 500 मिमी पडतो, माणदेशातही त्याच्या आसपासच. पण पडतो कधी? त्यांचा थंडीत, मे ते ऑगस्ट. जमीन ओली तेव्हा गार, जमीन तापते तेव्हा कोरडी. आपलं उलटं. जून-जुलैत जमीन उबदार आणि चिंब, दमट हवा. ही अवस्था मुळावरच्या बुरशीला लग्नघर वाटते. आमच्या संत्र्याला डिंक्या येतो तो फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीसारख्या जीवामुळे. त्याचीच एक भावकीतली जात पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या रानांत शिरून तिथली झाडं मारतेय, तिथे जंगलवाटांवर बूट घासायला ब्रश ठेवतात असं भाच्याने सांगितलं. ज्यांना घरीच झेपत नाही त्यांना आपल्या पावसाळ्यात आणून काय करणार? वर काळी माती. पाणी धरून बसते. ही बाई रेतीत वाढलेली.

शिवाय पानांवरचा तो मेणाचा थर. महिनाभर संततधार लागली तर धुऊन निघेल, आणि मग डाग.

उंच कुंडी, जाड वाळू, पावसाळ्यात वळचणीखाली, असा हट्ट करणारा करेल. पण माळावर नको.

मोगरी

भाच्याने बरोबर सांगितलं, ब्रश असतात, आम्हीही घासलेत.

पानगळ

संत्रेवाल्यांना पूर्ण अनुमोदन. तिकडेच सिडनीच्या दमट उन्हाळ्यात हिचे हाल होतात. कॅलिफोर्नियात मात्र बरी वाढते, कारण तिथेही पाऊस हिवाळी.

आणि ताई, बी बॅगेत टाकून आणू नका. रानातून परवान्याशिवाय घेणं तिथे गुन्हा, भारतात वनस्पतींचं बियाणं आणायला आयात परवाना आणि रोगमुक्त असल्याचा दाखला लागतो. बाबांना वाळकं रिकामं बोंड मिळावं असं वाटेल, पण तेही विचारूनच.

गावरान_गडी

मग पूर्वी कोणी परवाना घेतला होता? इंग्रजांनी आणलीच ना निलगिरी.

निलगिरीकर

इंग्रजांच्या आधी टिपू सुलतानाने, 1790 च्या सुमारास नंदीच्या डोंगरावर. तेव्हा विमानतळावर कुत्री नव्हती. आणि आपण जिला निलगिरी म्हणतो ते नाव मात्र आपल्या डोंगराचं. ऑस्ट्रेलियाच्या झाडाला ऊटीचं नाव लावून आपण सातशे जाती एका नावात कोंबल्या.

काळी_मिरी

अवांतर: लवंगेचा चहा फार छान लागतो. मोगरीताई, कळी उमलली की नाही?

मोगरी

उमलली! म्हणूनच धागा वर काढतेय.

काल शनिवार. सकाळी आजींनी फोन करून बोलावलं, "चीर पडलीय" म्हणाल्या. आम्ही दोघी सासू-सुना तिथे खुर्च्या टाकून बसलो. टोपण आणि वाटी यांच्यामध्ये एक बारीक लाल रेघ दिसत होती, कुंकवाची काडी ओढल्यासारखी. तासाभरात ती रुंद झाली. केसर आतून रेटत होते, आणि टोपण तिरपं होऊन नुसतं टोकावर राहिलं, शाळेत जाणाऱ्या पोराच्या टोपीसारखं. ते आता पडेल मग पडेल म्हणून बसलो, पाऊस आला, आत गेलो, चहा घेतला, बाहेर येऊन बघतो तर टोपण खाली पडलेलं. पडताना कोणीच बघितलं नाही. केसर अजून चुरगळलेले होते, नव्या साडीची घडी मोडल्यासारखे. आज दुपारी पूर्ण सरळ झाले.

देठ तपासला. नाही. फूल फांदीला चिकटूनच आहे. मॅक्रोकार्पाच! आजींच्या मुलीने मान्य केलं, पण मनापासून नाही.

टोपण आजींनी सासूबाईंना दिलं. बाहेरून करडं, पिठूळ, आतून गुळगुळीत फिकट हिरवं. त्या ते हळदीकुंकवाच्या कोयरीत ठेवून बसल्यात, परत नेता येणार नाही हे सांगायचं अजून माझ्या जिवावर आलंय.

बाबांना संत्रेवाल्यांचा प्रतिसाद जसाच्या तसा पाठवला. ते म्हणाले, "कुंडी किती उंच हवी ते विचार."

आणि रानपाखरू, पहिल्याच दिवशी विचारलं होतंत. हार घातला. तोच, अकरा पानांचा. सासूबाई जरा वेळ विचारात होत्या, मग म्हणाल्या, "एवढ्या गारठ्यात त्याचंही नाक चोंदलं असेल, घाल."

संत्रेवाला

दोन फूट तरी. आणि बुडाला विटांचे तुकडे.

रानपाखरू

:-)) हाराचा फोटो आहे का?